आयन एकटा प्रवास करत नाही

२०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो ह्या तिघांना लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी मिळाले. त्या वेळी स्वीडनच्या विज्ञान अकादमीने सर्वसामान्य वाचकांसाठी एक सचित्र पत्रक काढले होते. त्यातील आकृती, किंवा तिच्यासारखीच दुसरी एखादी, आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन बाजूंना दोन इलेक्ट्रोड, मध्ये द्रवाची मोकळी जागा, त्या जागेत एक पडदा, आणि ह्या काठावरून त्या काठावर जाणारे लिथियम आयनांचे छोटे गोळे. बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन जातात, आतून आयन जातात, मंडल पूर्ण होते. विज्ञानाच्या पुस्तकांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर आज हेच चित्र दिसते.

पत्रकाचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. तीन शास्त्रज्ञांच्या कामाची साखळी त्यात स्वच्छ उलगडली आहे. बॅटरीत दोन्ही इलेक्ट्रोड थरांचे बनलेले असतात आणि आयन त्या थरांत शिरतात व बाहेर येतात, ही मध्यवर्ती कल्पना शाळकरी मुलालाही कळेल अशी मांडली आहे. तरीही ह्या चित्राबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती रेखाटनाच्या बारकाव्यांपुरती नाही. चित्रात द्रव म्हणजे नुसता रिकामा रस्ता झाला आहे. त्या रस्त्यावरून आयन उघडावाघडा, एकटा चालतो. प्रत्यक्षात द्रावणातला लिथियम आयन कधीही एकटा नसतो. द्रावकाचे काही रेणू त्याला चिकटलेले असतात, आणि बॅटरीत जे घडते त्यातील बराचसा भाग ह्या चिकटण्यावर अवलंबून असतो.

चित्र म्हटले की काहीतरी गाळावे लागणारच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण काय गाळले ह्यावरून चित्राची परीक्षा करायची असते. गाळलेल्या गोष्टीवाचून आपल्या रोजच्या प्रश्नांची उत्तरे मिळत असतील, तर गाळणे योग्य. उत्तरे उलटी येत असतील, तर त्या चित्राने विद्यार्थ्याची फसगत केली असे म्हणावे लागेल. उघड्या आयनाच्या चित्राला आपण तीन प्रश्न विचारून पाहू.

सर्वांत लहान, तरी सर्वांत संथ

पहिला प्रश्न वेगाचा. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम ह्यांच्या आयनांच्या त्रिज्या स्फटिकांवरून अनुक्रमे ७६, १०२ आणि १३८ पिकोमीटर अशा मिळतात. लहान गोळा द्रवातून सहज जाईल आणि मोठा गोळा अडखळेल, असे उघड्या आयनाचे चित्र सांगते. तेव्हा लिथियम सर्वांत चपळ असायला हवा. पाण्यातील आयनांची वाहकता २५ अंश सेल्सिअसला मोजली तर एकाच एककात लिथियमसाठी ३८.७, सोडियमसाठी ५०.१ आणि पोटॅशियमसाठी ७३.५ असे आकडे येतात. म्हणजे सर्वांत लहान आयन सर्वांत संथ, आणि जवळपास दुप्पट मोठा पोटॅशियम जवळपास दुप्पट वेगवान!

उत्तर लहानपणातच दडलेले आहे. तिन्ही आयनांवर प्रभार तेवढाच, एक एकक. पण लिथियमचा प्रभार सर्वांत लहान जागेत कोंडलेला असल्याने त्याच्या पृष्ठभागाजवळचे विद्युतक्षेत्र फार तीव्र असते. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण असते. ती बाजू आयनाकडे वळवून पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरतात. लिथियमच्या अगदी जवळच्या कवचात साधारण चार रेणू बसतात. ऑक्सिजनचे केंद्र लिथियमच्या केंद्रापासून सुमारे २०० पिकोमीटरवर असते. आयन सरकतो तेव्हा त्याला हा सगळा गोतावळा बरोबर ओढावा लागतो. पोटॅशियमची पकड सैल असते, म्हणून तो मोकळेपणाने जातो.

ह्या पकडीला पाण्याच्या बाबतीत जलयोजन म्हणतात. कोणत्याही द्रावकासाठी द्रावकयोजन म्हणू. तिची खूण घन पदार्थांतही दिसते. मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, नेहमीच्या तापमानाला पाण्याच्या रेणूंविना स्फटिकरूप घेते. लिथियम क्लोराइड मात्र पाणी बरोबर घेऊनच स्फटिक बनवते. द्रावण आटले तरी सोबत सुटत नाही.

ऊर्जेचा हिशोब

दुसरा प्रश्न व्होल्टेजचा. लिथियमची बॅटरी जास्त व्होल्टेज देते ह्याचे कारण, लिथियम इलेक्ट्रॉन सहज देतो, असे लोकप्रिय लेखांत सर्रास वाचायला मिळते. पण वायुरूप अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी आयनीभवन ऊर्जा पाहिली, तर लिथियमला मोलमागे ५२० किलोज्यूल लागतात, सोडियमला ४९६ आणि पोटॅशियमला ४१९. म्हणजे तिघांत लिथियमच सर्वांत चिक्कू! तरीही प्रमाण इलेक्ट्रोड विभव लिथियमचे सर्वांत ऋण आहे : उणे ३.०४ व्होल्ट. पोटॅशियमचे उणे २.९३ आणि सोडियमचे उणे २.७१.

फळ्यावर हा हिशोब मांडून पाहावा. धातूपासून द्रावणातल्या आयनापर्यंत तीन पायऱ्या आहेत. धातूचे वायुरूप अणू करायला लिथियम, सोडियम, पोटॅशियम ह्यांना अनुक्रमे सुमारे १५९, १०७ आणि ८९ किलोज्यूल लागतात. मग वर दिलेली आयनीभवन ऊर्जा खर्च होते. शेवटी आयनाभोवती पाणी गोळा होताना ऊर्जा परत मिळते : सुमारे ५२०, ४०५ आणि ३२१ किलोज्यूल. संदर्भग्रंथांनुसार हे शेवटचे आकडे थोडेफार बदलतात, पण क्रम बदलत नाही. बेरीज-वजाबाकी केली की निव्वळ खर्च लिथियमसाठी १५९, पोटॅशियमसाठी १८७ आणि सोडियमसाठी १९८ किलोज्यूल उरतो. विभवाचा क्रमही नेमका हाच आहे. (काटेकोरपणे पाहता येथे एन्थाल्पीऐवजी मुक्त ऊर्जा घ्यायला हवी, पण वर्गातल्या हिशोबाला एवढे पुरे.) लिथियम धातूचे पाण्यातले विभव इतके ऋण असते, ते द्रावकाने आयनाला धरल्यामुळे. त्याच्या दानशूरपणाचा त्याच्याशी संबंध नाही. द्रावक गाळला, तर चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर पाठ करावे लागते.

एका मिथिल गटाचा फरक

तिसरा प्रश्न थेट बॅटरीचा. नोबेल पत्रकात एक महत्त्वाची गोष्ट ओझरती येऊन जाते. ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम शिरतो हे आधीच माहीत होते, पण विद्युत अपघटनीमुळे ग्रॅफाइटची मोडतोड होई, म्हणून योशिनो ह्यांनी पेट्रोलियम कोक वापरला, एवढे सांगून पत्रक पुढे जाते. मोडतोड का होई? वाचकाच्या मनात हा प्रश्न उभा राहायलाच हवा. पण द्रव म्हणजे रिकामा रस्ता असे एकदा चित्रात ठरले की रस्ता गाव कसे मोडेल, हे विचारायला जागाच उरत नाही. अकादमीने तज्ज्ञांसाठी काढलेल्या वेगळ्या टिपणात द्रावकांचा विचार आहे. सामान्य वाचकाच्या वाट्याला तो आलेला नाही.

त्या काळी प्रॉपिलीन कार्बोनेट हा द्रावक सर्वत्र वापरात होता. लिथियमचे क्षार त्यात चांगले विरघळतात, आणि तो सुमारे उणे ४९ अंशांपर्यंत गोठत नाही. ह्याचा सख्खा भाऊ एथिलीन कार्बोनेट. दोघांच्या रेणूंत फरक फक्त एका मिथिल गटाचा. पण एथिलीन कार्बोनेट ३६ अंशांच्या वर वितळतो. खोलीच्या तापमानाला तो घनच असल्याने बरीच वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी वळले नाही. १९९० साली फाँग, फॉन साकन आणि डान ह्या कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले की एथिलीन कार्बोनेट असलेल्या द्रावणात ग्रॅफाइट शाबूत राहते व लिथियम त्यात पुन्हा पुन्हा आत-बाहेर करू शकतो. नुसत्या प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये मात्र द्रावकाचे विघटन चालूच राहते आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटतात. १९९१ मध्ये सोनी कंपनीची बॅटरी बाजारात आली ती कार्बनच्या कमी सुबक रचनेचा आधार घेऊन. ग्रॅफाइटचे राज्य त्यानंतर आले, आणि ते एथिलीन कार्बोनेटच्या बळावर.

एका मिथिल गटाने एवढा फरक का पडावा? जर्मनीतील बेझेनहार्ड आणि इतरांनी असे मांडले की लिथियम आयन आपल्या द्रावक रेणूंसकट थरांमध्ये घुसतो, थर फाकतात, आणि आत गेलेला द्रावक तिथेच मोडतो. दुसरा विचार असा की खरा फरक ग्रॅफाइटवर जमणाऱ्या पातळ थराचा आहे. दुधावरची साय जशी, तसा द्रावकाच्या विघटनातून इलेक्ट्रोडवर एक थर धरतो. तो आयनाला वाट देतो, इलेक्ट्रॉनला अडवतो. इस्राएलमधील पेलेड ह्यांनी अशा थराची कल्पना १९७९ साली मांडली. एथिलीन कार्बोनेटची साय टिकाऊ असते, प्रॉपिलीन कार्बोनेटची टिकत नाही. ह्या दोन विचारांतील वाद पुरता मिटलेला नाही, पण साय कशाची बनेल हे ठरवण्यात आयनाला चिकटून इलेक्ट्रोडपर्यंत आलेल्या रेणूंचा मोठा हात असतो.

ह्याचा एक सुंदर पुरावा २००३ साली जपानमध्ये मिळाला. तोच बदनाम प्रॉपिलीन कार्बोनेट आणि तेच ग्रॅफाइट घेऊन संशोधकांनी त्यात लिथियमचा एक क्षार नेहमीच्या मानाने खूप जास्त विरघळवला. आयन इतके झाले की द्रावकाचे रेणू पुरेनात. कवचाची घडण बदलली, क्षाराचे ऋण आयनही त्यात शिरले, आणि ग्रॅफाइट शाबूत राहिले! द्रावकाचे नाव तेच, पण आयनाभोवतीची सोबत बदलली आणि निकाल उलटला. उघड्या गोळ्याच्या चित्रात ह्या प्रयोगाला अर्थच उरत नाही.

अरुंद दार

वर्गात सांगण्यासाठी एक उपमा सुचवतो. लिथियम आयन म्हणजे वऱ्हाड घेऊन निघालेला नवरदेव. रस्ता रुंद आहे, वऱ्हाडासकट चालता येते, वेग मात्र वऱ्हाडाचाच. ग्रॅफाइटचे दार इतके अरुंद की आत एकट्यालाच जाता येते. दाराशी सोबत सोडावी लागते, आणि सोबत घट्ट असल्याने सोडायला ऊर्जा पडते. जपानमधील आबे, ओगुमी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ग्रॅफाइटच्या दारातील हा अडथळा मोलमागे सुमारे ५० ते ६० किलोज्यूल एवढा मोजला, आणि त्याचे मुख्य कारण सोबत सोडणे हेच मानले.

अडथळा एवढा असला की तापमानाचा परिणाम फार होतो. कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरी सावकाश प्रभारित करावी लागते, त्यामागे हे एक कारण आहे. घाई केली तर आत जाऊ न शकलेला लिथियम ग्रॅफाइटवर धातूच्या रूपात साचू लागतो, आणि त्यातून पुढे बॅटरीत आतल्या आत मंडल जुळण्याचा धोका संभवतो. रस्त्यावरच्या विजेच्या दुचाकीबद्दल विद्यार्थी आज जे प्रश्न विचारतात – लवकर प्रभारित का होत नाही, आग का लागते, साधे पाणी का वापरत नाहीत – त्यांतील एकाचेही उत्तर द्रावकाचे नाव न घेता देता येणार नाही.

सोबत नेहमी अडचणच करते असेही नाही. सोडियम आयन नेहमीच्या द्रावकांतून ग्रॅफाइटमध्ये नीट शिरत नाही. २०१४ साली जर्मनीत याखे आणि आडेलहेल्म ह्यांनी ईथर वर्गातला डायग्लाइम हा द्रावक वापरला. तेव्हा सोडियम द्रावक रेणूंसकट ग्रॅफाइटमध्ये गेला, सुखरूप बाहेर आला, आणि हे अनेक वेळा घडले. जी गोष्ट एका जोडीत घातक, तीच दुसऱ्या जोडीत उपयोगी ठरली.

उलट टोकाची चूक

उघड्या आयनाचे चित्र टाळताना दुसऱ्या टोकाला जाण्याचाही धोका आहे. वरच्या वर्गांच्या काही पुस्तकांत आयनाभोवती चार रेणू चौकोनी खिळे ठोकल्यासारखे काढलेले असतात, आणि तक्त्यात ‘जलयोजित त्रिज्या’ दशांशासकट छापलेली असते. जणू एवढ्या मापाची गोळी कोणी हातात धरून मोजली! ही त्रिज्या कोणत्या मापनावरून काढली त्यानुसार बदलते, कारण कवचाला तशी कडक सीमा नसते. शिवाय वऱ्हाडी सतत बदलतात. पाण्यात लिथियमला चिकटलेला रेणू अब्जांश सेकंदाच्या आसपास किंवा त्याआधीच जागा सोडतो व दुसरा येतो. वऱ्हाडाची उपमा येथे लंगडी पडते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

हे सारे कळते कसे? एक मार्ग रामन परिणामाचा, ज्याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२८ साली कोलकात्यात लावला. मोकळ्या एथिलीन कार्बोनेटच्या वर्णपटात ८९३ ह्या तरंगसंख्येजवळ एक रेषा असते. लिथियमला चिकटलेल्या रेणूची तीच रेषा ९०४ च्या आसपास सरकते. दोन्ही रेषांची तीव्रता ताडून किती रेणू मोकळे व किती बांधलेले ह्याचा अंदाज बांधतात. अशाच निरीक्षणांवरून बॅटरीतील डायमिथिल कार्बोनेटसारखे पातळ, कमी ध्रुवीय द्रावकही कवचात जागा मिळवतात हे दिसले. मात्र तीव्रतेवरून संख्या काढताना काही गृहीतके करावी लागतात, म्हणून वेगवेगळ्या प्रयोगांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. ‘चार’ ही सरासरी आहे, हे पुस्तकाने सांगायलाच हवे.

वर्गात काय करता येईल

चित्र बदलायला फार खर्च नाही. फळ्यावर आयनाचा गोळा काढला की त्याला तीन-चार रेणू चिकटवावेत, आणि बाकीचा द्रव कोरा न ठेवता त्यात मोकळे रेणू काढावेत. एक छोटे गणितही द्यावे. बॅटरीतील नेहमीच्या द्रावणात लिटरमागे एक मोल लिथियम क्षार असतो. एथिलीन आणि डायमिथिल कार्बोनेटच्या मिश्रणाचे एक लिटर सुमारे १.२ किलोग्रॅम भरते, आणि रेणुभार अनुक्रमे ८८ व ९०. म्हणजे दर लिथियममागे द्रावकाचे सुमारे १३ रेणू. त्यांतले चार चिकटलेले धरले तर जवळपास एकतृतीयांश द्रव लिथियमने बांधून ठेवलेला असतो! मग ‘रिकामा रस्ता’ कुठे राहिला? २०१५ साली अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकांनी एक किलोग्रॅम पाण्यात लिथियमच्या क्षाराचे २१ मोल विरघळवले. तिथे दर लिथियममागे पाण्याचे किती रेणू येतात, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे. उत्तर अडीचच्या जरा वर येते, म्हणजे कवचही पुरते भरत नाही. एरवी १.२३ व्होल्टला मोडणारे पाणी अशा द्रावणात सुमारे ३ व्होल्टपर्यंत टिकते.

प्रयोगही साधा आहे. शंभर मिलिलिटर पाण्यात साडेसात ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड ढवळले तर तापमान सुमारे ४ अंशांनी उतरते. खताच्या दुकानातल्या म्युरेट ऑफ पोटॅशनेही गारवा जाणवतो. तेवढ्याच पाण्यात निर्जल लिथियम क्लोराइड सव्वाचार ग्रॅम टाकले तर तापमान सुमारे ८ अंशांनी चढते. स्फटिक मोडायला लागणारी ऊर्जा आणि पाण्याने धरल्यावर मिळणारी ऊर्जा ह्यांतील चढाओढ तापमापीवर वाचता येते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पुस्तकात एस-खंडाच्या मूलद्रव्यांचे एक प्रकरण होते. लिथियम आयनाचे जलयोजन सर्वाधिक का, त्याचे क्षार पाणी का धरून ठेवतात, त्याचे विभव इतके ऋण का, हे त्यात थोडक्यात पण नीट सांगितले होते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या कपातीत ते प्रकरण गेले. लिथियमचे नाव प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर छापलेले असताना त्या पुस्तकावर शिकणाऱ्या मुलांची लिथियमच्या स्वभावाशी भेट होण्याची मुख्य जागा पुसली गेली. उरले ते उघड्या गोळ्यांचे चित्र.

त्या चित्रावर वाढलेला विद्यार्थी असे समजेल की बॅटरीत शोधण्याजोगे काही असेल तर ते इलेक्ट्रोडमध्येच, आणि मधला द्रव ही नुसती भर आहे. उद्याच्या बॅटरीचे कितीतरी प्रश्न – थंडी, आग, आयुष्य, सोडियमचा पर्याय – नेमके त्या द्रवातच आहेत. ते प्रश्न त्याला पडावेत असे वाटत असेल, तर पुढच्या तासाला आयनाचा गोळा काढून झाल्यावर खडू लगेच खाली ठेवू नये.